गोदीच्या चित्रातला किसन

खंडाळा

खंडाळ्याला बहुतेक माणसे हवा खायला जातात. मी चित्र टांगायला गेलो होतो.

मी गिरगावातल्या एका शाळेत चित्रकला शिकवतो. सुटीच्या दिवशी पहाटे उठून रंगांची पेटी घेऊन गोदीच्या बाजूला जाऊन बसायचे, ही माझी जुनी सवय. मुंबईच्या गोदीचे एक मोठे तैलचित्र मी त्या वर्षी होळीच्या सुमारास पुरे केले. पहाटेचे धुके, आगबोटींचा धूर, पाण्यावर पसरलेला नारिंगी उजेड आणि फळीवरून बोटीत चढणारी हमालांची रांग. फ्रेंच चित्रकारांची छापील चित्रे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. त्यांच्यासारखे आपणही वस्तू न काढता तिच्यावरचा उजेड काढावा, अशी माझी हौस. त्यामुळे त्या चित्रात रेघ अशी नाहीच. नुसते रंगाचे फटकारे. हमाल म्हणजे तपकिरी आणि निळ्या रंगाचे ठिपके. दुरून पाहावे तर माणसे चालताना दिसतात, जवळ जावे तर रंगच रंग.

घाटमाथ्यावरच्या एका लहानशा हॉटेलचे मॅनेजर सबनीस यांनी ते चित्र आमच्या प्रदर्शनात पाहिले आणि जेवणघरासाठी मागितले. बदल्यात दिवाळीनंतर चार दिवस हॉटेलात राहा, खा, फिरा, असा त्यांचा प्रस्ताव. घरच्यांना सवड नव्हती, म्हणून मी एकटाच निघालो. चौकट डब्याच्या दारातून आडवी जाईना, उभी जाईना. शेवटी हमालाने ती तिरकी करून आत घातली आणि एका बाईंच्या लोणच्याच्या बरणीला धक्का लागला. कर्जतपर्यंत मी त्या बाईंची बोलणी ऐकत होतो.

खंडाळ्याचे वर्णन मी काय करावे? दिवाळी सरलेली, गवत पिवळे पडू लागलेले, सकाळी दरीतून धुके वर यायचे आणि ऊन पडले की पायरीपायरीने खाली उतरायचे. सबनीसांनी चित्र लावले ते मात्र भांड्यांच्या कपाटावर, सॉसच्या बाटल्यांच्या बरोबर वर. चार पावले मागे सरकून त्यांनी ते पाहिले आणि म्हणाले, "मास्तर, छान आहे. जरा पुसट आलंय, पण आमच्या गिऱ्हाइकांना चालेल."

गिऱ्हाइकांना ते चाललेच. त्यांनी त्याकडे पाहिलेच नाही. पहिल्या रात्रीच्या जेवणाला एका गृहस्थाने मान वर केली आणि बायकोला म्हणाला, "अर्धवटच ठेवलंय की गं." बायको म्हणाली, "रंग संपला असेल." दोघे हसले. मी शेजारच्या टेबलावर कोबीची भाजी चिवडत बसलो. रात्री अंथरुणावर पडल्यापडल्या मी त्या गृहस्थाला मनातल्या मनात पुष्कळ उत्तरे दिली.

हे सांगायचे कारण एवढेच, की दुसऱ्या दिवशी सकाळी जे घडले ते माझ्या कोणत्या मनःस्थितीत घडले, हे वाचणाऱ्याला कळावे.

सकाळी जेवणघर रिकामे होते. मी चहा घेत होतो आणि एक बाई फरशी पुसत होती. पंचविशीची असेल, अंगाने सडपातळ, हिरवे लुगडे. तिचे नाव चंद्रा. नागफणीच्या सुळक्याच्या पाठीशी असलेल्या कुरवंडे गावाहून ती रोज डोंगरवाटेने कामाला यायची. पुसता पुसता ती कपाटापाशी आली आणि वर पाहत उभी राहिली. बराच वेळ झाला तरी हलेना. माझ्या चित्रासमोर इतका वेळ कोणी उभे राहिल्याचे मला आठवत नाही.

"आवडलं का, बाई?" मी विचारले.

ती दचकली. "ही कुटली जागा म्हनायची?"

"मुंबईची गोदी."

तिच्या हातातले फडके तसेच राहिले. "तुमी काडलं हे? तितं जाऊन?"

"तिथं बसूनच काढलं."

ती दोन पावले पुढे आली. "आमचं मानूस गोदीतच कामाला हाय. दोन-तीन पावसाळे झाले, गावाकडं आलं न्हाई. कोन म्हनतं पाय घसरून पान्यात पडलं, कोन म्हनतं दुसऱ्या बंदरावर गेलं. खरं काय ते कुनाला ठाव न्हाई." मग तिने पुन्हा चित्राकडे पाहिले. "ह्या रांगंत हायेत का वो ते? किसन म्हनत्यात. उंच हायेत. वजं वाहून डावा खांदा जरा खाली आलाय."

रांगेतल्या एका हमालाचा डावा खांदा खरेच खाली आला होता. त्या ठिकाणी माझा ब्रश घसरला होता आणि चूक बरी दिसली म्हणून मी ती तशीच राहू दिली होती. मी बोट दाखवले.

"हा बघा. हा असेल."

"असंल न्हाई. हाय का?"

या ठिकाणी मला 'नाही' म्हणता आले असते. 'बाई, ही खरी माणसे नव्हेत, उजेडाचे ठिपके आहेत' असे सांगता आले असते. पण रात्री लोक ज्या चित्राला अर्धवट म्हणून हसले, त्या चित्रात कोणी तरी आपले माणूस शोधत होते. मला ते फार गोड वाटले. आणि तिचा चेहरा पाहून दयाही आली, असे मी स्वतःला सांगितले.

"हो," मी म्हणालो. "हाच."

"कवा काडलं?"

"यंदा. होळीच्या सुमाराला."

"म्हंजी होळीला होते," ती हळूच म्हणाली. ती चित्राच्या अगदी जवळ गेली, तशी थबकली. "जवळ आलं की मानूस जातंय कुटं?"

"मागे व्हा. मागून दिसतो."

ती मागे सरकली आणि मान हलवली. मग बादली उचलून आत गेली. मी दुसरा चहा मागवला. त्या दिवशी मी राजमाचीच्या टोकापर्यंत फिरून आलो, परतताना लोणावळ्याच्या बाजारातून घरासाठी चिक्की घेतली, आणि दिवसभर प्रसन्न होतो. आज हे लिहिताना मला त्या प्रसन्नपणाची सर्वांत जास्त लाज वाटते.

संध्याकाळी व्हरांड्यात सबनीस येऊन बसले.

"मास्तर, तुम्ही आमच्या चंद्रीला काय सांगितलंत?"

मी सांगितले. ते हसले नाहीत.

"तिचा पाट ठरला होता हो. कान्ह्याला तिचा भाऊ असतो, बबन. त्यानं तिथलाच एक बिजवर पाहिलाय, रेल्वेत गँगमन आहे, चांगला माणूस. सासऱ्यानंसुद्धा जड मनानं हो म्हटलं होतं. म्हातारा किती दिवसांचा? तो गेला की जमीन भाऊबंदांची, मग हिला कोण विचारणार? आज दुपारी तिनं घरी जाऊन सांगितलं, नवरा जिवंत आहे, मुंबईच्या चित्रकारानं पाहिलाय. पाट मोडला. संध्याकाळच्या कामाला आलेली तिच्या गावची बाई सांगत होती."

पाट म्हणजे नवरा गेलेल्या बाईचे दुसरे लग्न. आमच्या घरी माझी एक आत्या कोवळ्या वयात विधवा झाली, ती केस काढून स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात म्हातारी झाली. म्हणून या डोंगरातल्या लोकांचा हा रिवाज मला नेहमीच मोठ्या मनाचा वाटत आला होता. आणि तोच रिवाज मी एका ठिपक्याकडे बोट दाखवून मोडून ठेवला होता.

"उद्या मी कुरवंड्याला जातो," मी म्हणालो. "खरं काय ते सांगून येतो."

कुरवंडे

वाट सुरेख आहे. रूळ ओलांडून आपण दरीच्या कडेकडेने चालत राहतो, उजव्या हाताला नागफणीचा काळा सुळका कधी समोर येतो, कधी मागे राहतो. कारवीच्या काड्या दोन्ही बाजूंनी अंगाला लागतात. एका वळणावर एकदम खाली कोकण दिसले, धुरकट, सपाट. दुसऱ्या कोणत्याही दिवशी मी तिथे बसून रेखाटन केले असते. त्या दिवशी मी चंद्राच्या म्हाताऱ्या सासऱ्याला सांगायची वाक्ये वाटभर जुळवत होतो. 'आबा, माझी चूक झाली.' 'आबा, गैरसमज झाला.' दुसरे वाक्य मला अधिक सोपे वाटत होते, म्हणून मी ते पाठ केले. मध्ये वाट चुकून एका ओढ्यात उतरलो, चप्पल चिखलात रुतून तिचा अंगठा तुटला. अशा तऱ्हेने एक पाय ओढत मी गावात शिरलो.

घर विचारावे लागले नाही; मी येणार हे रात्रीच गावात कळले होते आणि चंद्राही कामाला न जाता घरीच होती. "चित्रवालं मास्तर आलं," असे कोणीतरी ओरडले आणि मला अंगणात नेऊन घोंगडीवर बसवले. कापणी झाली होती. खळ्यावर आंबेमोहराची रास होती आणि साऱ्या आळीला त्याचा वास येत होता. आमच्या कोकणातला भात गोड, पण मुका. हा भात शिजण्याआधीच बोलायला लागतो.

चंद्राचा सासरा धोंडीआबा काठी टेकत बाहेर आला. पांढऱ्या मिशा, कमरेला पंचा. त्याने माझे दोन्ही हात धरले. मी जुळवलेले वाक्य तोंडात आणले, तेवढ्यात तो म्हणाला,

"मास्तर, बारीक झालाय का हो त्यो?"

"अं?"

"किसना. लय बारीक झालाय का? हिकडं व्हता तवा बी खान्यापिन्याची आबाळच करायचा."

म्हातारा माझ्या तोंडाकडे पाहत होता. 

"नाही, आबा," मी म्हणालो. "बारीक नाही."

"बरं झालं," तो म्हणाला, आणि घरात तोंड करून ओरडला, "चंद्रे, बारीक न्हाई म्हनत्यात!"

सांगायला गेलो होतो खरे आणि पहिल्याच वाक्याला खोट्यात खोटे घालून बसलो. मग पितळी आली. नव्या तांदळाचा भात, वरून कुळथाचे पिठले, तांदळाची भाकरी, लसणाची चटणी. चंद्रा वाढत होती आणि माझ्याकडे पाहत नव्हती. मी पहिला घास घेतला, तोच अंगणाच्या तोंडाशी एक जाडजूड तरुण येऊन उभा राहिला. खाकी अर्धी विजार, डोक्याला मुंडासे. तो तिचा भाऊ बबन. पाट मोडल्याचे ऐकून सकाळच्या गाडीने कान्ह्याहून निघाला होता आणि लोणावळ्याहून चालत आला होता.

तो भांडला नाही. पायऱ्यांवर बसला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "आबा, त्या मानसाला मी शब्द दिलाय. त्यानं दुसरी सोयरीक सोडली. आता काय सांगू?"

"सांग की जिता नवरा असताना पाट लावायचा न्हाई म्हनून," आबा म्हणाले. "मास्तरांनी बघितलाय त्याला. हे काय बसलेत."

बबन माझ्याकडे वळला. "मास्तर, तुमी शिकलेलं मानूस. मी तुमास्नी खोटं म्हनत न्हाई. पर माझ्या भैनीच्या जल्माचा सवाल हाय. तुमच्या हातात अन्न हाय. त्या अन्नाची शपत घेऊन सांगा, तुमी किसनला बघितलाय?"

अंगणात चार-दोन शेजारी जमले होते.  माझ्या बोटांत भाताचा घास होता, त्याची वाफ बोटांना लागत होती. मला वाटते, नुसते विचारले असते तर मी पुन्हा 'हो' म्हणालो असतो.

मी घास पितळीत ठेवला. "नाही," मी म्हणालो. "मी किसनला पाहिलेलं नाही. कोण किसन, मला ठाऊक नाही. त्या चित्रातली माणसं कुणीच नाहीत. बाईंनी विचारलं, तेव्हा मला नाही म्हणवलं नाही."

कोणी ओरडले नाही. बबनने मोठा श्वास सोडला आणि डोक्याचे मुंडासे काढून गुडघ्यावर ठेवले. चंद्रा भाताचे पातेले उचलून घरात गेली. धोंडीआबा तेवढे तसेच माझ्या तोंडाकडे पाहत राहिले. त्यांना समजायला वेळ लागत होता.

"म्हंजी तुमी त्याला बघितलाच न्हाई?"

"नाही, आबा."

"मंग मगाशी मी इचारलं, बारीक झालाय का, तवा तुमी न्हाई म्हनाला, ते?"

 मी खाली मान घालून बसलो. आयुष्यात मला पुष्कळ ठिकाणी मान खाली घालावी लागली आहे, वरिष्ठांपुढे, घरमालकापुढे. पण तिथे निदान समोरचा माणूस रागावलेला असायचा.

आबांनी काठी चाचपली. "जेवा," ते म्हणाले. "नवं अन्न हाय. टाकू नगा."

मी जेवलो. पितळीतले शीत न् शीत संपवले. सगळे शेजारी बघत होते. त्या भाताची चव मला सांगता येणार नाही.

निघताना चंद्रा मला ओढ्यापर्यंत पोचवायला आली. माझी तुटलेली चप्पल तिने काथ्याने बांधून दिली होती. मी तिची क्षमा मागू लागलो. तुमच्या मनाशी मी खेळलो, वगैरे बोललो.

"मला ठाव व्हतं," ती म्हणाली.

"काय ठाऊक होतं?"

"त्या रांगंत त्ये न्हाईत म्हनून. जवळ जाऊन बघितलं न्हवं का? तितं कोनच न्हवतं."

"मग घरी कशाला सांगितलंत?"

ती ओढ्याकडे पाहत राहिली. "मला पाट नगं व्हता. त्ये हायेत का गेलेत, मला न्हाई ठाव. पर आबा हायेत. मी गेल्यावर त्यांची भाकर कोन थापनार? हे म्या शंभरदा सांगितलं. भाऊ म्हनतो, तुला कळत न्हाई. आबा सोता म्हनत्यात, पोरी, जा. माझं कोन ऐकतं? मंग म्हनलं, तुमच्यासारक्या मोठ्या मानसानं सांगितलं तर ऐकतील. ऐकलं बी. येक दिस ऐकलं."

 खोटे बोललो तेव्हा एका अडाणी बाईवर उपकार करतो आहे, असे मला वाटले होते. खरे बोललो तेव्हा माझे मन मोकळे झाले, असे वाटले होते. दोन्ही वेळा तिला काय हवे आहे, हे मी विचारलेच नव्हते.

"मी मुंबईला गेल्यावर गोदीत चौकशी करतो," मी म्हणालो. "किसन सापडला तर..."

"बगा," ती म्हणाली. "सापडलं तर लवकर कळवा. भाऊ आता थांबायचा न्हाई."

ती वळून चढ चढू लागली.

मुंबई

प्रवासवर्णन इथे संपायला हवे. पण माझा प्रवास इथे संपला नाही, म्हणून उरलेलेही सांगतो.

एक दिवस आधीच मी खंडाळा सोडला. चित्र तिथेच आहे. परतल्यावर रोज शाळा सुटली की मी गोदीच्या फाटकांवर जाऊन उभा राहू लागलो. पूर्वी मी तिथे धुके पाहायला जायचो, आता माणसे पाहू लागलो. मावळातला किसन, कुरवंड्याचा, उंच, अशी खूण सांगितली की लोक हसायचे. मावळातली माणसे गोदीत ठायी ठायी, आणि किसन तर प्रत्येक टोळीत एक. तरी वाघू नावाच्या एका वयस्क मुकादमाने मनावर घेतले. "मास्तर, लागलाच त्याचा माग तर सांगीन," तो म्हणाला. इतर मुकादमांनाही मी सांगून ठेवले. संक्रांत गेली, पौष गेला. काही कळले नाही.

माघ सरता सरता सबनीस हॉटेलच्या खरेदीसाठी मुंबईला आले, तेव्हा माझ्या घरी येऊन गेले. चहा घेता घेता म्हणाले, "तुमच्या त्या चंद्रीचा पाट लागला हो. मागल्या पंधरवड्यात. आता कान्ह्याला असते. म्हातारा एकटाच आहे, शेजारी भाकरी देतात. काम सोडायला आली होती, तेव्हा तुमच्यासाठी निरोप ठेवलाय."

"काय?"

"म्हणाली, मास्तरांना सांगा, आता शोधू नका."

मी मान हलवली. तो निरोप पुरता कळायला मला रात्र लागली. आता किसन जिवंत सापडणे म्हणजे कान्ह्याच्या त्या घरावर कुऱ्हाड. आणि न सापडणे म्हणजे कुरवंड्याच्या अंगणात बसलेला म्हातारा. दोन्हींच्या मध्ये मी मुकादमांना पेरून ठेवले होते.

दुसऱ्या दिवसापासून मी गोदीकडे जाणे सोडले. जमेल त्यांना निरोप पाठवला, की तो विषय राहू द्या. वाघूला मात्र निरोप पोचला नसावा. होळीच्या आधी एका रविवारी भाऊच्या धक्क्यावरून मला जावे लागले. बरोबर घरची माणसे होती, रेवसच्या बोटीत बसायचे होते. गर्दीतून कोणी तरी हाक मारली.

"मास्तर! वो मास्तर!"

वाघू होता. धापा टाकत आला. चेहरा आनंदाने फुललेला. "मास्तर, तुमीच न्हवं का त्या कुरवंड्याच्या मानसाचं इचारत व्हता?"

त्याच्या पाठीमागे थोड्या अंतरावर कोणी तरी उभे होते. मी तिकडे पाहिले नाही.

"मी नव्हे," मी म्हणालो. "दुसरं कुणी असेल."

आणि बोटीच्या फळीवर पाय ठेवला.